मेदातला दाह: दोष नेमका कोणाचा?

पोटाच्या चरबीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की आधी नजरेत भरतात त्या टपोऱ्या मेदपेशी. जवळपास सगळी जागा त्यांनीच व्यापलेली असते. पण पेशींची शिरगणती केली, तर निम्म्याहून अधिक पेशी मेदपेशी नसतातच. रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी, पुढे मेदपेशी होऊ शकणाऱ्या पूर्वपेशी आणि रोगप्रतिकारक पेशींचा भलामोठा समुदाय तिथे वस्तीला असतो. सडपातळ देहाच्या चरबीत मॅक्रोफेज या भक्षक पेशींचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत असते. अतिलठ्ठ माणसाच्या पोटातल्या चरबीत ते चाळीस टक्क्यांच्या घरात जाते. जंतू नाही, जखम नाही, ताप नाही, तरी एवढी फौज तिथे जमलेली असते, आणि ती वर्षानुवर्षे हलत नाही.

या फौजेला बोलावले कोणी, ती तिथे करते काय, आणि लठ्ठपणातून येणाऱ्या मधुमेहाचा, हृदयविकाराचा दोष तिच्या माथी मारायचा का, या प्रश्नांभोवती गेली तीस वर्षे संशोधन फिरते आहे. पहिली दहा-पंधरा वर्षे उत्तर सोपे वाटत होते: प्रतिकारक पेशी दोषी, त्यांना आवरा म्हणजे मधुमेह आवरेल. आज ते उत्तर टिकत नाही. ते का टिकले नाही, हा या विषयातला सर्वांत शिकण्याजोगा भाग आहे.

पहिला धागा फार जुना आहे. १८७६ मध्ये जर्मन वैद्य विल्हेल्म एबस्टाइन यांनी मधुमेही रुग्णांना सोडियम सॅलिसिलेट दिले आणि त्यांच्या लघवीतली साखर कमी झाल्याची नोंद केली. सॅलिसिलेट म्हणजे अॅस्पिरिनच्या कुळातले, दाह शमवणारे औषध. १९०१ मध्ये मँचेस्टरच्या आर. टी. विल्यमसन यांनीही तसाच अनुभव प्रसिद्ध केला. पण दाहावरच्या औषधाने साखर का उतरावी, हे सांगणारी चौकट त्या काळी कोणाकडे नव्हती. पुढे १९२१ मध्ये इन्सुलिन सापडले आणि ही निरीक्षणे मागे पडली.

धागा पुन्हा हाती आला तो १९९३ मध्ये, बोस्टनमध्ये. गोखान होतामिश्लिगिल आणि ब्रूस स्पीगलमन यांना लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हे प्रथिन मोठ्या प्रमाणावर सापडले. हे प्रथिन वैद्यकाला परिचित होते ते वेगळ्या कारणासाठी. कर्करोगात, दीर्घ संसर्गात माणूस खंगत जातो, त्या खंगण्यामागे ज्यांचा हात असतो त्यांपैकी हे एक. त्यावरून त्याला एक नावही पडले होते, कॅकेक्टिन. खंगवणारे प्रथिन लठ्ठ प्राण्याच्या चरबीत काय करत होते? संशोधकांनी ते निष्प्रभ केले, तेव्हा त्या उंदरांचे शरीर इन्सुलिनला पुन्हा बऱ्यापैकी दाद देऊ लागले. दाह आणि चयापचय यांचा थेट संबंध प्रथमच दिसला. पुढच्याच वर्षी लेप्टिन हे मेदपेशींचे संप्रेरक सापडले, आणि चरबी हे नुसते साठवणीचे कोठार नसून संप्रेरके सोडणारा अवयव आहे, हे सर्वमान्य झाले.

यंत्रणाही हळूहळू उलगडली. इन्सुलिन पेशीच्या दारावरच्या ग्राहीला चिकटते, तेव्हा आत आयआरएस-१ नावाचे प्रथिन तो निरोप पुढे नेते. टीएनएफसारख्या दाहक रेणूंमुळे पेशीत जेएनके आणि आयकेके-बीटा ही विकरे जागी होतात आणि आयआरएस-१ वर नको त्या जागी फॉस्फेट चिकटवतात. इन्सुलिन दाराशी येऊन थांबते, निरोप आत पोहोचत नाही. रक्तात साखर आहे, इन्सुलिनही आहे, पण स्नायू ती साखर उचलत नाहीत आणि यकृत नवी साखर बनवायचे थांबत नाही. यालाच इन्सुलिनरोध म्हणतात. २००१ मध्ये स्टीव्हन शूलसन यांच्या गटाने दाखवले की मोठ्या मात्रेतले सॅलिसिलेट याच आयकेके-बीटाला रोखते. एबस्टाइन यांच्या निरीक्षणाला सव्वाशे वर्षांनी स्पष्टीकरण मिळाले.

तोवर समज असा होता की हे दाहक रेणू मेदपेशीच सोडतात. २००३ च्या डिसेंबरमध्ये 'जर्नल ऑफ क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशन'च्या एकाच अंकात दोन लेख आले आणि तो समज बदलला. कोलंबिया विद्यापीठातला अँथनी फेरांते यांचा गट आणि मॅसॅच्युसेट्समधल्या मिलेनियम या औषध कंपनीतले संशोधक स्वतंत्रपणे एकाच ठिकाणी पोहोचले होते. लठ्ठ प्राण्यांच्या चरबीत मॅक्रोफेज दाटीने जमतात, आणि चरबीतले जवळपास सगळे टीएनएफ त्यांच्याकडून येते. फेरांते यांच्या गटाने अस्थिमज्जेचे रोपण करून हेही दाखवले की या पेशी बाहेरून, रक्तावाटे येतात. त्यातल्या काही चरबीतच विभागून वाढतात, हे २०१४ मध्ये कळले.

त्या जमतात कुठे? इटलीतल्या अँकोना येथील सावेरियो चिंती यांनी २००५ मध्ये याचे जे उत्तर दिले, ते मला या साऱ्या शोधांत सर्वांत महत्त्वाचे वाटते. लठ्ठ उंदरांच्या आणि माणसांच्या चरबीत नव्वद टक्क्यांहून अधिक मॅक्रोफेज मेलेल्या मेदपेशींभोवती कडे करून बसलेले होते. सूक्ष्मदर्शकाखाली हे कडे मुकुटासारखे दिसते आणि शास्त्रीय लेखनात त्याला तेच नाव मिळाले. मेदपेशी जितकी मोठी, तितके मुकुट जास्त. म्हणजे मॅक्रोफेज येण्याआधी तिथे काहीतरी मेलेले होते. वादाचा निकाल खरे तर इथेच अर्धा लागला होता. तो ऐकायला मात्र आपण आणखी दहा वर्षे घेतली.

चरबीत प्रतिकारक पेशी मुळात असतातच कशाला, हा प्रश्नही इथे विचारायला हवा. फळमाशीच्या शरीरात यकृत, चरबी आणि प्रतिकारयंत्रणेचे बरेचसे काम एकच अवयव करतो, त्याला मेदपिंड म्हणतात. उत्क्रांतीत पुढे ही कामे वेगळ्या अवयवांत वाटली गेली, पण जुना शेजार सुटला नाही. आपल्या पोटात आतड्यांवर पदरासारखे पसरलेले ओमेंटम हे चरबीचे पटल घ्या. जिथे छिद्र पडेल, पू होईल, तिथे ते जाऊन चिकटते आणि संसर्ग कोंडून धरते. ब्रिटिश शल्यविशारद रदरफोर्ड मॉरिसन यांनी १९०६ मध्येच त्याला पोटातला पोलीस म्हटले होते. त्वचेखालच्या मेदपेशी स्टॅफिलोकॉकस जंतूंना मारणारे प्रथिन स्वतः बनवतात, हे २०१५ मध्ये सॅन दिएगोच्या रिचर्ड गॅलो यांच्या गटाने दाखवले. संसर्ग ओसरल्यावर त्याची आठवण जपणाऱ्या टी पेशीही चरबीत मुक्काम करतात. तेव्हा चरबीतली फौज घुसखोर नव्हे. निरोगी शरीरात तिला तिथे कायमचे काम आहे.

आणि त्या निरोगी चरबीतला कारभार फार नीट बसवलेला असतो. तिथल्या सहज प्रतिकारयंत्रणेतल्या काही लिम्फ पेशी असे रेणू सोडतात की इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी तिथे टिकून राहतात. इओसिनोफिल आयएल-४ हा रेणू सोडतात, आणि आयएल-४ च्या प्रभावाखाली मॅक्रोफेज शांत राहतात. मेलेल्या पेशी उचलतात, ऊतीची डागडुजी करतात. शिवाय नियामक टी पेशी असतात, ज्यांचे कामच इतर टी पेशींना लगाम घालण्याचे आहे. सडपातळ उंदरांच्या पोटातल्या चरबीत सीडी-४ जातीच्या टी पेशींपैकी निम्म्याहून अधिक पेशी नियामक असू शकतात, असे हार्वर्डमधल्या डायान मॅथिस आणि क्रिस्तोफ बेन्वा यांच्या गटाला आढळले. प्लीहेत किंवा लसिका गाठींत हे प्रमाण याच्या जवळपासही नसते. माणसाच्या चरबीत ते एवढे ठळक नाही, ही नोंद इथेच करायला हवी.

इओसिनोफिलचा उल्लेख आला की आपल्याकडच्या वाचकाला जंत आठवतील, आणि तो संबंध खरा आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या रिचर्ड लॉक्सली यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवले की इओसिनोफिल नसलेले उंदीर चरबीयुक्त आहारावर अधिक लठ्ठ होतात आणि त्यांची साखर बिघडते. उलट जंतांचा संसर्ग झाला की चरबीत इओसिनोफिल वाढतात आणि साखर सुधारते. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर गावकऱ्यांना जंतांचे औषध देऊन त्याचा माग काढला गेला. सगळ्या गावाचा मिळून विचार केला तर फरक पडला नाही, पण ज्यांच्या पोटात जंत होते, त्यांच्यात उपचारानंतर इन्सुलिनरोध थोडा वाढला. यावरून कोणी जंत बाळगावेत असे अजिबात नाही. मुलांचे कुपोषण आणि स्त्रियांचा रक्तक्षय यांत जंतांचा वाटा मोठा आहे. एवढेच लक्षात येते की चरबीतली ही शांतता शरीर जाणीवपूर्वक राखते, आणि ती राखण्याची यंत्रणा आपल्या जुन्या सोबत्यांच्या सहवासात घडली आहे.

आता वजन वाढू लागते तेव्हा काय होते ते पाहू. प्रौढ माणसात मेदपेशींची संख्या जवळपास ठरलेली असते. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या कर्स्टी स्पाल्डिंग यांनी हे ज्या युक्तीने शोधले, तिचे कौतुक केल्यावाचून राहवत नाही. १९५० च्या दशकापासून १९६३ पर्यंत झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ वाढला आणि नंतर उतरत गेला. पेशी जन्मली त्या वर्षीचा कार्बन तिच्या डीएनएत कोंडलेला असतो, त्यावरून पेशीचे वय काढता येते. २००८ मध्ये निष्कर्ष आला की दरवर्षी सुमारे दहा टक्के मेदपेशी मरतात आणि तितक्याच नव्या जन्मतात. लठ्ठ माणूस असो की सडपातळ, हा हिशेब सारखाच राहतो.

वाढीव चरबी मग बहुतांशी असलेल्याच पेशींत कोंबली जाते. पेशीचा व्यास शंभर मायक्रॉनच्या पुढे गेला की रक्तवाहिनीतून निघालेला प्राणवायू पेशीच्या दूरच्या कडेपर्यंत पोहोचणे अवघड होते. उंदरांत हा प्राणवायूचा तुटवडा स्पष्ट मोजता आला आहे. माणसाबद्दल मोजमापे परस्परविरोधी आहेत. पण फुगलेली पेशी ताणाखाली असते यावर दुमत नाही. ती सीसीएल-२ सारखे रेणू सोडते, जे रक्तातल्या मोनोसाइट पेशींना बोलावणे धाडतात. तिच्यातून स्निग्धाम्ले गळू लागतात. शेवटी ती मरते, आणि तिच्या पोटातला तेलाचा भलामोठा थेंब उघडा पडतो. एरवी मॅक्रोफेज मेलेली पेशी गिळून मोकळा होतो. इथे थेंब त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. म्हणून अनेक मॅक्रोफेज कडे करतात आणि त्या थेंबाचा कण कण पचवत बसतात. हे काम आठवडेच्या आठवडे चालते आणि या काळात दाहक रेणू झिरपत राहतात.

या टप्प्यावर इतर पेशीही ओढल्या जातात. २००९ च्या ऑगस्टमध्ये 'नेचर मेडिसिन'ने टी पेशींवरचे तीन शोधलेख एकत्र छापले. टोकियोच्या गटाने दाखवले की मारक प्रकारच्या सीडी-८ पेशी मॅक्रोफेजच्याही आधी चरबीत शिरतात आणि त्या काढून टाकल्या तर मॅक्रोफेजही कमी येतात. टोरोंटोच्या गटाने सीडी-४ पेशींचा तोल ढळल्याचे दाखवले. बोस्टनच्या गटाने लठ्ठपणात नियामक पेशी घटतात हे दाखवले. दोनच वर्षांनी टोरोंटोच्या त्याच संशोधकांनी बी पेशींकडे लक्ष वेधले. लठ्ठ उंदरांची प्रतिपिंडे बी पेशी नसलेल्या उंदरांना टोचली, तर त्यांच्यातही इन्सुलिनरोध उतरला. पाठोपाठ न्यूट्रोफिल आले, मास्ट पेशी आल्या, एनके पेशी आल्या. जवळपास प्रत्येक प्रतिकारक पेशीवर कोणी ना कोणी गुन्हा शाबीत केला. मला यात एक इशारा दिसतो. प्रत्येक पेशी काढल्यावर उंदीर सुधारतो, तेव्हा आपण मूळ कारण शोधत नसून एकाच साखळीच्या कड्या एकेक करून तोडत असतो.

दरम्यान मॅक्रोफेजची दोन गटांत विभागणी रूढ झाली होती. मिशिगनच्या अॅलन साल्टिएल यांच्या गटाने २००७ मध्ये मांडले की सडपातळ चरबीतले मॅक्रोफेज शांत, एम-२ प्रकारचे असतात आणि लठ्ठपणात त्यांची जागा आक्रमक एम-१ घेतात. शिकवायला सोपी म्हणून ही मांडणी आजही पाठ्यपुस्तकांत आहे. पण एकेका पेशीतली जनुके वाचण्याचे तंत्र आले आणि तिची मर्यादा उघडी झाली. २०१९ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या इडो अमित यांच्या गटाला लठ्ठ चरबीत मॅक्रोफेजची एक वेगळीच जात सापडली. तिची ओळख म्हणजे ट्रेम-२ हा ग्राही, आणि तिची कामाला लागलेली जनुके मुख्यतः चरबी गिळण्याची व पचवण्याची. मुकुटात बसलेल्या पेशी प्रामुख्याने याच. ट्रेम-२ काढून टाकल्यावर उंदीर सुधारायला हवे होते. झाले उलटे: मेदपेशी आणखी फुगल्या, कोलेस्टेरॉल वाढले, साखर बिघडली.

डॅलसच्या फिलिप शेरर यांच्या गटाने याआधी, २०१४ मध्ये, आणखी थेट प्रयोग केला होता. त्यांनी मेदपेशींची दाहाला प्रतिसाद देण्याची क्षमताच काढून घेतली. तोवरच्या सिद्धान्तानुसार हे उंदीर मधुमेहापासून सुरक्षित राहायला हवे होते. त्यांची चरबी नीट वाढू शकली नाही, यकृतात मेद साचला, साखर बिघडली. चरबीला वाढायचे तर जुनी बांधणी मोडावी लागते, नव्या रक्तवाहिन्या आणाव्या लागतात, मेलेले उचलावे लागते, आणि हे सगळे थोड्याशा दाहाशिवाय होत नाही. शेरर यांच्याच प्रयोगशाळेतला २००७ चा एक प्रयोग याच्या शेजारी ठेवून पाहावा. लेप्टिन नसलेल्या लठ्ठ उंदरांत त्यांनी अॅडिपोनेक्टिन हे संप्रेरक वाढवले. ते उंदीर आणखी कितीतरी लठ्ठ झाले, पण त्यांची साखर सुधारली. त्यांच्यात मेदपेशी संख्येने वाढल्या, आकाराने लहान राहिल्या आणि मॅक्रोफेज कमी जमले.

घरातली कणगी भरली की धान्य बाहेर सांडते, आणि सांडलेल्यावर मग मुंग्या-किडे येतात, तसे हे आहे. त्वचेखालच्या मेदपेशी भरल्या की चरबी पोटातल्या अवयवांभोवती, यकृतात, स्नायूंत सांडते. ज्यांच्या शरीरात मेदपेशीच जवळपास नसतात, अशा लिपोडिस्ट्रॉफीच्या रुग्णांना अंगावर चरबी नसतानाही तीव्र मधुमेह होतो. हा याच विचाराचा माणसातला पुरावा आहे. दुसरा पुरावा शस्त्रक्रियेतून आला. २००४ मध्ये अमेरिकेत सॅम्युअल क्लाइन यांनी पंधरा लठ्ठ स्त्रियांच्या पोटाच्या त्वचेखालून लायपोसक्शनने सुमारे दहा किलो चरबी काढली. इन्सुलिनची दाद सुधारली नाही, रक्तातले दाहाचे निर्देशकही उतरले नाहीत. चरबी गेली, पण ती पेशींसकट गेली. उरलेल्या पेशी होत्या तितक्याच फुगलेल्या राहिल्या.

माणसांवरच्या औषधचाचण्यांनी बाकीचा निकाल दिला. टीएनएफ निष्प्रभ करणारे प्रतिपिंड १९९६ मध्येच लठ्ठ मधुमेहींना देऊन पाहिले गेले; इन्सुलिनरोध हलला नाही. २००७ मध्ये स्वित्झर्लंडच्या मार्क डोनाथ यांच्या पुढाकाराने सत्तर रुग्णांत आयएल-१ हा दाहक रेणू रोखणाऱ्या अनाकिन्रा या औषधाची तेरा आठवडे चाचणी झाली. साखर उतरली, पण ती स्वादुपिंडातून इन्सुलिन अधिक सुटल्यामुळे. शरीराची इन्सुलिनला दाद होती तशीच राहिली. सॅलिसिलेटचीही रीतसर परीक्षा झाली. सॅल्सलेट हे त्या कुळातले औषध २८६ रुग्णांपैकी काहींना ४८ आठवडे दिले, बाकीच्यांना नाही, आणि २०१३ मध्ये निष्कर्ष आला: साखरेची सरासरी दाखवणारे एचबीए१सी ०.३७ टक्क्यांनी कमी, पण एलडीएल कोलेस्टेरॉल आणि लघवीतले अल्ब्युमिन थोडे वाढले. सर्वांत मोठी कँटोस ही चाचणी होती, १०,०६१ हृदयरोगी रुग्णांवरची. आयएल-१ बीटा रोखणाऱ्या कॅनाकिन्युमॅबने १५० मिलिग्रॅमच्या मात्रेत हृदयविकाराच्या घटना पंधरा टक्क्यांनी घटवल्या. दाह हृदयाला घातक आहे हे त्याने सिद्ध झाले. पण नव्याने मधुमेह होण्याचे प्रमाण मात्र कमी झाले नाही, आणि संसर्गाने होणारे मृत्यू वाढले.

याच्या उलट, ज्या औषधांनी मेदपेशीचा भार हलका केला, त्यांनी दाहही उतरवला. पायोग्लिटाझोन हे मधुमेहाचे औषध त्वचेखाली नव्या, लहान मेदपेशी तयार व्हायला मदत करते. वजन थोडे वाढते, तरी साखर सुधारते. हे औषध चरबीतल्या नियामक टी पेशींवरही थेट काम करते, असे उंदरांत दिसले आहे. वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइडच्या सिलेक्ट चाचणीत मधुमेह नसलेल्या १७,६०४ जाड हृदयरोगींत मोठ्या हृदयघटना वीस टक्क्यांनी घटल्या आणि दाहाचा निर्देशक सीआरपी ठळकपणे खाली आला. या फायद्यातला किती वाटा वजन घटण्याचा आणि किती औषधाच्या स्वतंत्र परिणामाचा, यावर अजून वाद चालू आहे.

माझा निष्कर्ष असा की चरबीतल्या प्रतिकारक पेशी आग लावत नाहीत. लागलेली आग त्या विझवायला जातात, आणि विझतच नाही म्हणून तिथेच थांबून नुकसान वाढवतात. नुकसान खरे आहे, त्याची यंत्रणा खरी आहे. पण उपचाराचा नेम मेदपेशीवर असायला हवा.

हा सगळा विषय महाराष्ट्राच्या दाराशी येतो तो पुण्यामुळे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन यूडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आपला दोघांचा फोटो छापला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. यूडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाटा दोघांत फरक करू शकत नव्हता. योगायोग असा की चरबीतून आयएल-६ हा दाहक रेणू रक्तात येतो आणि सीआरपीशी लठ्ठपणाचा संबंध आहे, हे १९९० च्या दशकात दाखवणाऱ्यांत यूडकिन स्वतः होते. याज्ञिक यांच्या गटाने पुढे पुण्याजवळची खेडी, शहरातल्या झोपडपट्ट्या आणि मध्यमवर्गीय वस्त्या यांतल्या पुरुषांची तुलना केली. खेड्याकडून शहराकडे येताना चरबी वाढत होती आणि तिच्यासोबत दाहाचे निर्देशकही.

त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट नवजात बाळांची आहे. पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. तिथे जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधल्या बाळांचे ३.५ किलो. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण पाठीवरची चरबी जवळपास तेवढीच टिकून होती. पुण्याच्या बाळांच्या नाळेच्या रक्तातले इन्सुलिन तर जास्तच होते. किरकोळ अंगाची, आतून चरबी राखणारी ही ठेवण आईच्या पोटातच ठरते. तिला खाण्यापिण्याची चंगळ कारण नाही, पिढ्यान्‌पिढ्यांचे कुपोषण कारण असावे. हे वाचून ज्याला काही वाटत नाही, त्याने आपल्या घरातल्या आजी-पणजीच्या ताटात सगळ्यांत शेवटी काय उरत असे ते आठवावे.

मोठेपणीही आपली साठवणूक अपुरी पडते. अमेरिकेत आणि कॅनडात स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई लोकांच्या त्वचेखालच्या मेदपेशी गोऱ्या लोकांच्या तुलनेत मोठ्या आढळल्या आहेत. म्हणजे आपल्या पेशी कमी वजनावरच भरतात आणि सांडू लागतात. आयसीएमआरच्या इंडियाब पाहणीने २०२३ मध्ये सांगितले की देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि ३९.५ टक्के लोकांचे पोट सुटलेले आहे. यातले कितीतरी जण कोणाच्याही नजरेला लठ्ठ दिसत नाहीत.

एक उणीव इथे स्पष्ट बोलायला हवी. या लेखातले बहुतेक प्रयोग एकाच वाणाच्या काळ्या नर उंदरांवर, साठ टक्के ऊर्जा चरबीतून मिळणाऱ्या आहारावर झालेले आहेत. माणसांचे नमुने आले ते मुख्यतः वजन उतरवण्याच्या (बॅरिअॅट्रिक) शस्त्रक्रियेसाठी आलेल्या पाश्चात्त्य अतिलठ्ठ रुग्णांकडून. सडपातळ दिसणाऱ्या मराठी शेतकऱ्याच्या किंवा गिरणगावातल्या स्त्रीच्या पोटातल्या चरबीत नियामक टी पेशी किती, मुकुट किती, याचे तपशीलवार नकाशे तयार व्हायला हवेत. आपल्याकडे रोज हर्निया, पित्ताशय, गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया होतात. रुग्णाची रीतसर संमती घेऊन चरबीचा चिमूटभर नमुना घेणे अवघड नाही. वैद्यकीय महाविद्यालयांनी हे काम हाती घ्यावे.

वजन उतरल्यावर चरबी सगळे विसरते का, हा अलीकडचा प्रश्न. उत्तर निराशेचे नाही, पण सावध करणारे आहे. उपास सुरू केला की उंदरांच्या चरबीत आधी मॅक्रोफेज वाढतात, कारण सुटणारी स्निग्धाम्ले उचलायला कोणीतरी लागते. नंतर ते घटतात. फेरांते यांच्या गटाने हे २०१० मध्ये दाखवले. व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या अॅलिसा हेस्टी यांच्या गटाला २०२२ मध्ये आढळले की वजन पूर्ववत झाले तरी चरबीतल्या प्रतिकारक पेशींचे स्वरूप पूर्ववत होत नाही. २०२४ मध्ये झ्युरिचच्या फर्डिनांड फॉन मायेन यांच्या गटाने मेदपेशींच्या केंद्रकातच लठ्ठपणाच्या खुणा उरतात असे दाखवले. शस्त्रक्रियेने वजन भरपूर उतरलेल्या माणसांच्या मेदपेशींत दोन वर्षांनंतरही जनुकांचे वागणे पुरते सुधारले नव्हते, आणि एकदा लठ्ठ होऊन बारीक झालेले उंदीर पुन्हा अधिक वेगाने लठ्ठ झाले. वजन उतरवून पुन्हा वाढलेल्या माणसाला आळशी, जिभेचा गुलाम म्हणून हिणवण्याची आपल्याकडे रीत आहे. ती बंद व्हावी. त्याच्या पेशी त्याच्याविरुद्ध काम करत असतात, आणि मेदपेशी वर्षाला दहा टक्क्यांनीच बदलतात हे लक्षात घेतले तर त्याला धीर आणि दीर्घ साथ यांची गरज आहे.

वाचकांना सांगणे एवढेच. आपल्या लोकांसाठी बॉडी मास इंडेक्सची जादा वजनाची मर्यादा २५ नसून २३ आहे, पण त्या आकड्यावरही विसंबू नका. साधी शिंप्याची टेप घ्या आणि श्वास सोडून, उभ्याने, बरगडीची खालची कड आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध माप घ्या. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही सीमा आहे. ती ओलांडली असेल, तर वजन कितीही कमी असो, साखर तपासून घ्या. आणि घरात मुलगी किंवा सून गरोदर असेल, तर तिचे ताट आधी वाढा.